क्लिफ रोस्ट्रनची सही

आमच्या क्लबात बॉयलर तपासायचं काम क्लिफ रोस्ट्रनकडे होतं. आपलं इंजिन उचलून त्याच्या बाकावर ठेवायचं म्हटलं की भलेभले आदल्या रात्री तीनदा नट आवळून बघायचे. पाच इंच अंतराच्या रुळांवर धावणारी ही वाफेची छोटी इंजिनं लोकांनी दहा-दहा वर्षं खपून केलेली असत. बायको बोलायला आली तरी हातातली कानस खाली ठेवायची नाही, अशी ही माणसं. आणि क्लिफ त्या इंजिनाकडे असा बघायचा, जणू कुणी कुत्रं चर्चमध्ये आणलंय.

मी क्लबची सेक्रेटरी. माझा नवरा हयात असताना मी फक्त चहा करायला जात असे. तो गेल्यावर त्याचं इंजिन चालवायला मीच शिकले, आणि शिकवलं ते क्लिफने. रविवारी सकाळी तो नवख्यांचा वर्ग घ्यायचा. माळ्यावर विजेच्या छोट्या आगगाड्या फिरवणारे हौशी लोक वाफेच्या मोहाने आमच्याकडे येत. त्यांना तो पहिलाच प्रश्न टाकायचा, इंजिन कशावर चालतं? ते बिचारे म्हणायचे, कोळशावर.

"चूक. कोळसा फक्त पाण्याला छळतो. चालतं ते पाण्यावर."

मग तो सांगू लागायचा, आणि सांगताना त्याचा आवाज चढत जायचा. पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशेपट जागा हवी असते. ती द्यायची नाही. कोंडायची. मग ती बाहेर पडायला तडफडते, आणि आपण तिला एकच वाट ठेवायची, सिलिंडरमधल्या दट्ट्याची. एकदा दट्ट्याच्या पुढून वाफ सोडायची, एकदा मागून. वाफेचं दार उघडझाप करणारी झडप चाकांनाच जोडलेली असते, म्हणजे इंजिन स्वतःचं दार स्वतःच उघडतं. काम झालेली वाफ धुराड्यातून फेकायची. ती जाताना भट्टीतली हवा ओढून नेते आणि विस्तव फुलतो. इंजिन जितकं राबेल तितका मोठा श्वास घेतं. "माणसासारखं नाही," तो म्हणायचा, "माणूस राबला की त्याचा श्वास तुटतो."

सगळ्यात शेवटी तो भट्टीवर यायचा. भट्टी बॉयलरच्या पोटातच असते, चहूकडून आणि वरूनही पाण्याने वेढलेली. किटलीत पाणी आहे तोवर किटली जळत नाही, विसरलात तर बूड जातं. इथे बूड वरच्या बाजूला आहे एवढाच फरक. भट्टीच्या छपरावर पाणी आहे तोवर ते छप्पर टिकतं. पाणी उतरलं की धातू मऊ पडतो आणि वरचा सगळा दाब ते छप्पर फाडून खाली येतो. हे सांगताना तो हात टेबलावर सपाट ठेवायचा. दोन्ही हातांची कातडी चकचकीत, ताणलेली, डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली. त्याबद्दल कुणी विचारत नसे. तो पूर्वी रेल्वेत इंजिनाच्या भट्टीत कोळसा घालणारा फायरमन होता आणि अपघातानंतर सूतगिरणीच्या बॉयलरवर गेला, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

त्र्याऐंशी सालच्या जुलैत डेस्मंड पिलिंगने आपलं नवं इंजिन तपासायला आणलं. पिलिंग निवृत्त दंतवैद्य. हात विलक्षण कसबी, हिरवा रंग असा चढवलेला की त्यात चेहरा पाहून केस विंचरावेत. थंड पाण्याचा दाब देऊन क्लिफने बॉयलर तपासला, एक थेंब गळला नाही. विस्तव घातला, दाब चढला, जास्तीची वाफ सोडणारे सेफ्टी व्हॉल्व्ह नेमक्या आकड्यावर उघडले. पिलिंग हातरुमालाने बोटं पुसत उभा होता. मग क्लिफने पाण्याची काच तपासली.

ही काच म्हणजे बॉयलरच्या पाठीवर उभी बसवलेली नळी. खालचं टोक पाण्यात उघडतं, वरचं वाफेत. दोन्हीकडून सारखा दाब असला की बॉयलरात जितकं पाणी तितकं काचेत दिसतं. आत बघायला दुसरी खिडकी नाही. क्लिफने खालचा नळ उघडून काच रिकामी केली आणि बंद केला. पाणी उसळी मारून वर यायला हवं होतं. ते आलं, पण थकलेला म्हातारा जिना चढतो तसं.

त्याने पाच वेळा करून पाहिलं. मग म्हणाला, सही करत नाही. वरची वाट कोंदलीय. वरून वाफेचा रेटा आला नाही की नळीतली वाफ निवते आणि पाणी आपोआप वर चढून बसतं. काच भरलेली दिसते आणि बॉयलर रिकामा होत जातो.

पिलिंगने शांतपणे सांगितलं, की एवढ्या बारीक काचेत पाणी चिकटतंच, सगळ्यांच्याच मॉडेलमध्ये चिकटतं. क्लिफ म्हणाला, इतरांचं चिकटतं तेव्हा मी त्यांनाही परत पाठवतो. पिलिंग इंजिन घेऊन गेला आणि पुढच्या रविवारी तसंच परत घेऊन आला, नट पुसून चकचकीत केलेले. पाणी तेवढंच आळशी. क्लिफने पुन्हा नकार दिला. तिसऱ्या खेपेला तर तो बाकावरून उठलाच नाही.

अडचण अशी, की ऑगस्टमध्ये पार्कात जत्रा होती. महापौरबाई येणार होत्या. आमचे रूळ ज्या जागेवर होते ती पुढची दहा वर्षं क्लबाकडे राहणार की नाही, हे त्यांच्या समितीच्या हातात होतं. पोरांनी भरलेले डबे ओढायला पिलिंगच्या इंजिनासारखं दुसरं देखणं इंजिन आमच्याकडे नव्हतं. अध्यक्ष शटलवर्थने सभा बोलावली.

त्या सभेबद्दल लिहिताना अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. शटलवर्थ गोड बोलत होता. एका दिवसापुरती अध्यक्षांनी सही करावी, क्लिफच्या भावना आम्ही समजून आहोत, वगैरे. क्लिफ म्हणाला, माझ्या भावना गेल्या चुलीत, तुम्ही काच उघडून बघा. तेव्हा पिलिंगने चष्मा काढला.

"क्लिफर्ड, मी वाचनालयात जाऊन तुझ्या अपघाताचा एक्कावन्न सालचा चौकशी अहवाल वाचला. तुझ्या ड्रायव्हरने पाण्याकडे दुर्लक्ष केलं, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. काचेचा काही दोष नव्हता. तुझ्या मनात तेव्हापासून काचेची भीती बसलीय, आणि त्याची शिक्षा तू आम्हा सगळ्यांना देतोयस."

क्लिफ उठेल, टेबल उलथेल असं मला वाटलं. त्याने फक्त हात टेबलावर ठेवले.

"त्याचं नाव इनॉक केरशॉ," तो म्हणाला. "त्या दिवशी सकाळी त्याने काच तपासली. माझ्यासमोर. पाणी असंच रखडत वर आलं. इनॉक म्हणाला, हे पाणी आळशी आहे. तो फोरमनकडे गेला. फोरमन म्हणाला, दुसरं इंजिन नाही, हेच ने. दुपारी चढावर काच तीन चतुर्थांश भरलेली होती आणि छप्पर आलं खाली. मी इंजिनाच्या पायऱ्यांवर होतो म्हणून बाहेर फेकला गेलो. तो आत होता."

मी विचारलं, मग हे चौकशीत का नाही आलं?

तो कोट उचलून निघून गेला.

मग मतदान झालं. शटलवर्थने सही करावी, या बाजूने पाच हात वर झाले. पाचवा माझा. जागा हातची जाईल या भीतीने मी तो वर केला. याचं दुसरं कुठलंही कारण मी कुणाला सांगितलं असेल तर ते खोटं आहे.

जत्रेच्या दिवशी ऊन लखलखीत होतं. खिमा भरलेल्या पाई, मटार, आइस्क्रीम, बँड, सगळं होतं. दुपारी एकपासून क्लिफ कुंपणाशी उभा. कुणाशी बोलत नव्हता, फेऱ्या मोजत होता. दर फेरीला इंजिन साधारण अर्धा पेला पाणी पितं हे त्याला पक्कं ठाऊक. आणि पिलिंगने पंपाची चावी पाणी परत टाकीतच जाईल अशी ठेवली होती. बॉयलरात थेंब जात नव्हता. दहाव्या फेरीला इंजिन फलाटाशी थांबलं तेव्हा क्लिफ वाकून म्हणाला, पाणी भर.

पिलिंगने बोटाने काच दाखवली. ती तीन चतुर्थांश भरलेली होती. आणखी भरलं तर पाणी सिलिंडरमध्ये जाऊन काहीतरी मोडेल, असं तो म्हणाला. आणि काच खरी असती तर त्याचं म्हणणं बरोबरच होतं.

"दहा फेऱ्यांत ती केसभर खाली आलेली नाही," क्लिफ म्हणाला. "मग तू ओढतोयस कशावर? प्रार्थनेवर?"

पिलिंगने शिट्टी वाजवली आणि गाडी सोडली. मागे सहा पोरं आणि दोन आया डब्यांवर पाय टाकून बसल्या होत्या. पुढच्या गाडीच्या रांगेत महापौरबाई मिसेस बार्डस्ली उभ्या होत्या.

चौदाव्या फेरीला गाडी फलाटाशी येत असताना क्लिफ कुंपण ओलांडून रुळांवर आला. पिलिंगला ब्रेक मारावाच लागला. क्लिफ गुडघ्यावर बसला आणि भट्टीखालची खीळ त्याने उपसली. निखारे धरणारी जाळी खाली पडली, लालभडक निखारे रुळांखालच्या फळ्यांवर सांडले, एक जळका खडा मिसेस बार्डस्लींच्या बुटापर्यंत गेला. पोरं रडू लागली. पिलिंगने आधी त्याला ढकललं आणि मग अशा शिव्या दिल्या, ज्या त्या तोंडात असतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. शटलवर्थ पोलिसाला बोलवायला पळाला.

क्लिफ इंजिनाकडे पाठ करून आडवा उभा राहिला. "मुलांना उतरवा. लांब न्या. याला कुणी हात लावायचा नाही. एनिड, वही काढ. काचेत किती आहे ते लिही."

मी लिहिलं, तीन चतुर्थांश. तो म्हणाला, नुसतं तुझं नको, तुम्ही सगळे एक आहात. तेव्हा मिसेस बार्डस्ली पुढे आल्या. त्यांनी चष्मा लावला, वाकून काच पाहिली आणि माझ्या वहीत वेळ घालून सही केली. पोलीस आला तर त्याच त्याला म्हणाल्या, जरा थांबा, मला हे बघायचंय.

इंजिन निवायला दीड तास लागला. तेवढा वेळ बँड वाजत होता आणि क्लिफ तिथून हलला नाही. मग वरची टोपी उघडली. पिलिंगच्याच नकाशावरून भट्टीच्या छपराची उंची एका तारेवर खूण करून आत सोडली, आणि चहाच्या कपाने पाणी ओतायला सुरुवात केली. पाणी छपरापर्यंत पोचायला दोन कप लागले. पाणी निवताना आकसतं, म्हणून क्लिफने स्वतःहून अर्धा कप सोडून दिला. तरी दीड कप कमी. छप्पर उघडं पडलेलं होतं. आणखी दोन-तीन फेऱ्या, आणि पिलिंगच्या मांडीपासून हातभर अंतरावर ते तांब्याचं छप्पर फाटलं असतं.

काचेचा वरचा नट शटलवर्थने स्वतः सोडवला. काच बसवताना लावलेलं रबरी कडं दाबून नळीच्या तोंडावर आलं होतं. सुई जाईल एवढं भोक उरलेलं.

पिलिंगने ते कडं चिमटीत धरून उजेडात पाहिलं. मग म्हणाला, हे मला कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं होतं.

"मग तीन आठवडे मी काय गाणी म्हणत होतो?" क्लिफ म्हणाला.

तो जिंकला होता. त्याला बरं वाटलं असेल, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात उभा, दाढी न केलेला. रात्रभर झोपला नव्हता. आत आला, पण बसला नाही. मी चहा पुढे केला तर म्हणाला, चहा नको. तू सभेत विचारलंस ना, चौकशीत का नाही आलं म्हणून? ऐक.

अपघातानंतर तो हॉस्पिटलात होता, दोन्ही हात पट्ट्यांत. ज्या फिटरने इंजिन उलगडलं तो एका संध्याकाळी चोरून येऊन सांगून गेला, की काचेचं रबर तोंडावर आलं होतं आणि फोरमनने ते त्याच्यादेखत भट्टीत फेकलं. पुढच्या आठवड्यात रेल्वेचा एक साहेब जबाब घेऊन आला. जबाब आधीच टाइप केलेला. त्यात एक ओळ होती, की ड्रायव्हरने काचेविषयी तक्रार केली होती का, हे साक्षीदाराला नक्की आठवत नाही. क्लिफ म्हणाला, मला आठवतं. साहेब म्हणाला, तू औषधांच्या गुंगीत आहेस, आणि काचेत खोट आहे हे माहीत असून तू गाडीवर चढलास असं लिहिलं तर दोष तुझ्यावरही येईल. चोवीस वर्षांचा होता तो. साहेबाने पट्टीतल्या बोटांत पेन धरवलं.

"मी सही केली," तो म्हणाला. "माझ्या सहीने इनॉक दोषी ठरला. पिलिंगवर मी कशाला ओरडू? त्याने फक्त वाचलं. लिहून दिलं मी."

मी म्हटलं, तू पोर होतास, भाजलेला होतास. तो माझ्यावर असा खेकसला की बशी हातातून सुटली. म्हणाला, हेच मी स्वतःला बत्तीस वर्षं सांगतोय, आणि त्याचा मला वीट आलाय.

इनॉकची बायको ॲनिस आमच्याच गावात, चॅपलमागच्या गल्लीत राहायची. तिला काय सांगायचं ते तो वाटेत मनाशी जुळवत होता. मी सोबत गेले, कारण एकटा गेला तर कोपऱ्यावरून परत फिरेल अशी मला खात्री होती. ॲनिस दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही. बहात्तर वर्षांची, ताठ, ॲप्रनला हात पुसत. क्लिफने जुळवलेलं सगळं विसरून एका दमात सांगितलं.

"त्यानेच केली होती चूक, असं सासूने मला मरेपर्यंत ऐकवलं," ती म्हणाली. "माझ्या पोराने बापाचं नाव काढायचं सोडलं. तू दर शनिवारी बाजारात मला 'कशा आहात मिसेस केरशॉ' विचारत होतास. आणि मी तुला म्हणत होते, बरी आहे बाबा, तुझे हात कसे आहेत."

क्लिफ म्हणाला, मला माफ करा असं म्हणायला मी आलेलो नाही.

"बरं केलंस. कारण करणार नाही. हे सगळं कागदावर लिहून आण. खाली सही कर. आणि या वेळी वाचून कर."

तिने दार लावलं.

कागद माझ्या टाइपरायटरवर तयार झाला. क्लिफने प्रत्येक शब्दावर माझ्याशी वाद घातला. 'बहुधा' आलं की खोड, 'माझ्या समजुतीप्रमाणे' आलं की खोड. एक प्रत आम्ही रेल्वेच्या वरच्या कचेरीत पाठवली. दोन महिन्यांनी चार ओळींचं उत्तर आलं, की प्रकरण फार जुनं असून फेरविचाराची तरतूद नाही. ते वाचून क्लिफ हसला. त्याला हसताना पाहून मला जास्त भीती वाटली. दुसरी प्रत ॲनिसने स्वतः नेऊन आमच्या स्थानिक वर्तमानपत्राच्या संपादकापुढे ठेवली आणि छापतो म्हणेपर्यंत खुर्चीतून उठली नाही. सातव्या पानावर, गालिच्यांच्या जाहिरातीखाली, पण पूर्ण छापून आलं. फोरमन तोवर मेला होता. सही घेणाऱ्या साहेबाचं काय झालं, कळलं नाही.

पिलिंगने क्लब सोडला आणि इंजिन दुसऱ्या गावच्या क्लबात नेलं. काच मात्र नवी, मोठ्या भोकाची बसवून नेली, हे मी मुद्दाम चौकशी करून समजून घेतलं. शटलवर्थने ठराव मांडला, की क्लिफने जनतेला वाचवल्याबद्दल आभार, पण निखारे सांडण्याच्या पद्धतीबद्दल त्याने दिलगिरी व्यक्त करावी. क्लिफने ठरावाचा कागद घेतला, घडी केली आणि डगमगणाऱ्या बाकाच्या पायाखाली सरकवला. जागा आम्हाला मिळाली. मिसेस बार्डस्लींची एकच अट होती, की बॉयलरची सही त्याच म्हाताऱ्याची असली पाहिजे. तेव्हा क्लिफ छप्पन्न वर्षांचा होता. म्हातारा म्हटल्याबद्दल तो आठवडाभर धुमसत होता.

पुढच्या वसंतात ॲनिसने इनॉकच्या थडग्यावर दोन शब्द कोरून घेतले. इतकी वर्षं तिथे नुसतं नाव आणि तारखा होत्या. आता खाली 'इंजिन ड्रायव्हर' आलं. तिने क्लिफला निरोप पाठवला नाही, मला पाठवला. मी त्याला घेऊन गेले. तो टोपी काढून उभा राहिला. मग म्हणाला, गवंड्याने अक्षरं डावीकडे सरकवलीयत, अशा माणसाच्या हातात छिन्नी देतात तरी कशी.

ॲनिस आणि तो बाजारात नंतरही दिसायचे. तो टोपीला हात लावायचा, ती मान हलवायची. हात कसे आहेत, असं तिने त्याला पुन्हा कधी विचारलं नाही. त्या वर्षी क्लिफने क्लबातल्या अकरा इंजिनांच्या काचा बदलायला लावल्या. तीन सभासद चिडून सोडून गेले. मी त्याला म्हटलं, असंच चाललं तर एक दिवस क्लबात तू आणि मीच उरू.

तो म्हणाला, तुझंही इंजिन आण, तुझी काच मला पसंत नाही.